अडीच सूत

प्रवासांत पाणी नेण्यासाठीं आपल्या घरांतून पूर्वीं फिरकीचा तांब्या असे. आतां तो बहुधा माळ्यावर गेला आहे. परंतु ज्यांनीं तो वापरला असेल, त्यांस त्याचा एक गुण अथवा अवगुण स्मरत असेल. घरांत असे दोन तांबे असले आणि घासतांना त्यांच्या फिरक्यांची अदलाबदल झाली, तर एकाची फिरकी दुसऱ्यास बसत नसे. दिसण्यांत दोन्ही सारख्या, घेरही सारखाच. पण फिरकी दोन वेढे जाई आणि अडे. कासारानें ज्या तांब्यासाठीं ती घडविली, त्याच तांब्याची ती. म्हणून जाणती गृहिणी तांब्या आणि फिरकी या दोहोंवर सारखी खूण करून ठेवी. आणि एकादा मुलगा घाईनें जोर करून भलतीच फिरकी बसवूं लागला, तर "आटे जातील" असें म्हणून त्याचा हात धरी.

आटे जातील हें भय केवळ तांब्यापुरतें नव्हतें. यंत्रयुगाच्या आरंभीं युरोपांतील प्रत्येक कारखान्यास हेंच भय होतें; आणि तें दूर करण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. हा सारा इतिहास मला एका जुन्या मोटारीच्या पोटांत, बोटाएवढ्या एका बोल्टावर कोरलेला पाहावयास मिळाला. आणि तोही पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या भंडारा शहरांत. या गांवाचें जुनें नांव 'भाणारा' असून तें 'भाणें' म्हणजे पितळी ताट या शब्दावरून आलें, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, धातूची पारख या गांवाच्या अंगीं मुरलेली आहे, एवढें खरें.

कांहीं वर्षांपूर्वीं तेथील एका वाड्याच्या पडवींत एक मॉरिस टेन जातीची, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची मोटार उभी होती. आजोबांच्या काळांतील ती गाडी नातवानें मोठ्या हौसेनें पुन्हां चालती केली होती. परंतु इंजिन तापलें म्हणजे त्यांतून टक्-टक् असा कोरडा आवाज येई, आणि चढावर गाडी दमे. झडपांवरील झांकण काढून पाहतां एक बोल्ट बोटानें हालला. तेवढाच बदलावा, असें नातवाच्या मनांत होतें. ती गोष्ट वाटली तितकी सोपी नव्हती.

येथें इंजिनाच्या या भागाचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. प्रत्येक नळकांड्यास दोन झडपा असतात. एकींतून पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत येतें, दुसरींतून जळलेला वायु बाहेर जातो. या इंजिनांत झडपा माथ्यावर असतात आणि त्यांस चालविणारा कॅमचा दांडा खालीं असतो. दांड्यावरील उंचवटा एका उभ्या सळईस वर रेटतो. ती सळई रॉकर नांवाच्या लहानशा तरफेचें एक टोंक उचलते. आणि तराजूची एक बाजू वर गेली कीं दुसरी खालीं यावी, त्याप्रमाणें तरफेचें दुसरें टोंक झडपेस दाबून उघडतें. काम झालें कीं स्प्रिंग झडपेस पुन्हां मिटविते. इंजिन मिनिटास ३,००० फेरे करूं लागलें म्हणजे प्रत्येक झडप मिनिटास १,५०० वेळां, म्हणजे सेकंदास २५ वेळां उघडते व मिटते. तासाभरांत ही उघडझांप ९०,००० वेळां होते. भंडाऱ्याहून नागपूर सुमारें ६० किलोमीटर. तेवढ्या एका खेपेंत त्या इवल्याशा तरफेनें किती वेळां मान हालविली, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

या सर्व तरफा एका आडव्या दांड्यावर ओंवलेल्या असतात. दांडा लहान लहान खांबांवर टेकलेला असतो, आणि ते खांब बोल्टांनीं खालच्या बिडाच्या माथ्यावर घट्ट आवळलेले असतात. तरफेचें टोंक आणि झडपेचें टोंक यांमध्यें इंचाच्या कांहीं सहस्रांश इतकी फट मुद्दाम ठेवावी लागते. ती नाहींशी झाली तर तापून लांबलेली झडप पुरती मिटत नाहीं आणि जळते. वाढली तर झडप पुरती उघडत नाहीं, आणि प्रत्येक वेळीं हातोड्याचा घाव बसावा तसा आवाज येतो. ही फट लहानशा स्क्रूनें नेमून वर एका नटानें जखडतात. परंतु खांबाचाच बोल्ट सैल झाला, तर खांब केसभर उचलला जातो आणि वरची सारी नेमानेम व्यर्थ होते. एवढ्या मोठ्या यंत्राचा श्वास त्या बोल्टाच्या आट्यांवर अवलंबून असतो.

नातवानें तो सैल बोल्ट काढला आणि बाजारांत नेला. दुकानदारानें बोटांत फिरवून सांगितलें, "अडीच सुती." आमच्याकडे इंचाचा आठवा भाग तो एक सूत, अडीच सूत म्हणजे इंचाचे पांच-सोळांश. नवा अडीच सुती बोल्ट आणला, तो तीन वेढे सहज गेला आणि अडला. सुदैवानें नातवानें पाना उचलला नाहीं. दोन्ही बोल्ट आणि माथ्याचा बिडाचा भाग घेऊन तो एका वृद्ध टर्नरकडे गेला.

म्हाताऱ्यानें प्रथम आटे मोजण्याची फणी काढली. गाडींतून निघालेल्या बोल्टावर इंचास २४ आटे भरले. नंतर त्यानें दुसऱ्या खांबाचा, कोणीं कधींही न बदललेला बोल्ट मागितला. त्यावर २४ ची फणी बसेना, २२ चीही बसेना. शेवटीं मिलिमीटरांची फणी लावली. एका मिलिमीटरास एक आटा, असें पातें त्यावर चपखल बसलें.

"हा अडीच सुती नाहीं, भाऊ," तो म्हणाला, "अडीच सुताच्या जवळचा आहे."

"पण काका, इंग्लिश पाना तर त्याला बरोबर बसतो!"

"डोकें इंग्लिश आहे. अंग इंग्लिश नाहीं."

डोकें एका देशाचें आणि अंग दुसऱ्या देशाचें, असा हा बोल्ट कोठून आला? याचें उत्तर देण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपांतील नट आणि बोल्ट यांचा संबंध आपल्या तांब्या-फिरकीसारखाच होता. यंत्र उघडलें म्हणजे कोणता नट कोणत्या बोल्टाचा, याची खूण करून ठेवावी लागे. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिरानें आटे पाडण्याचा नेमका लेथ सिद्ध केला. त्यामुळें एकाच कारखान्यांतील आटे एकमेकांस जुळूं लागले. परंतु एका कारखान्याचे दुसऱ्याशीं जुळत ना. मॉडस्लेच्या हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें घेतलीं, आणि त्यांचा मध्य काढून १८४१ मध्यें सर्वांसाठीं एक कोष्टक सुचविलें. आट्याचा कोन ५५ अंश. अमुक जाडीस इंचास अमुक आटे. कोणा एकाचा आटा सर्वोत्तम ठरविण्याऐवजीं सर्वांचें सरासरी माप घ्यावें, ही त्याची तडजोड इंग्लंडांत हळूहळू रूढ झाली. आणि रेल्वेबरोबर ती हिंदुस्थानांतही आली. आपल्याकडील लोहाराच्या तोंडीं सुताचीं मापें बसलीं, त्यांमागें हा इतिहास आहे.

परंतु अमेरिकेनें तें मान्य केलें नाहीं. फिलाडेल्फियाचा विल्यम सेलर्स यानें १८६४ मध्यें ६० अंशांच्या कोनाचा, पाडण्यास सोपा असा निराळा आटा मांडला. तिकडे युरोप खंडांत मिलिमीटरांचे आटे होते. १८९८ मध्यें झूरिच येथें त्यांचेंही कोष्टक ठरलें. अशा रीतीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं जगांत आट्यांचीं तीन मोठीं राज्यें झालीं, आणि त्यांच्या सीमेवर ठेंच लागूं लागली. एका देशांतसुद्धां सारें एक नव्हतें. १९०४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरास भयंकर आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धांवून आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांस बसेनात. पाणी होतें, बंब होते, माणसें होतीं. आणि शहराचा मध्यभाग जळून गेला.

आतां आपल्या मॉरिसकडे वळूं. फ्रान्समध्यें हॉचकिस नांवाची शस्त्रें करणारी एक प्रसिद्ध कंपनी होती. पहिल्या महायुद्धांत जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेनें येऊं लागलें, तेव्हां तिनें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें मशीनगनांचा कारखाना काढला. युद्ध संपलें, गना नकोशा झाल्या, आणि रिकाम्या यंत्रांस काम हवें होतें. त्याच वेळीं विल्यम मॉरिस यास मोटारींसाठीं इंजिनें हवीं होतीं. युद्धकाळांत त्यानें अमेरिकन काँटिनेंटल इंजिनें आणविलीं होतीं. तशाच आराखड्याचीं इंजिनें १९१९ पासून हॉचकिसनें करून देण्यास आरंभ केला. १९२३ मध्यें मॉरिसनें तो कारखानाच विकत घेतला. कारखान्यांतील यंत्रें, टॅप व डाय फ्रेंच मापाचे, मिलिमीटरांचे होते. तीं सर्व फेंकून नवीं घेणें खर्चाचें. पण इंग्लंडांतील गिऱ्हाइकाजवळ पाने मात्र व्हिटवर्थच्या मापाचे! तेव्हां मॉरिसच्या कारखान्यानें मोठी व्यवहारी युक्ति योजिली. बोल्टाचे आटे फ्रेंच ठेवले आणि डोकें व्हिटवर्थच्या पान्यास बसेल असें केलें. मालकास पाना लावतांना अडचण पडूं नये, हा हेतु सफल झाला. मात्र पाना लागला म्हणजे आटेही इंग्लिशच असणार, असा भ्रम पुढील पिढ्यांच्या वांट्यास आला. १९३८ च्या मॉरिस टेनचें इंजिन आणि त्यावरूनच पुढें झालेलें एम. जी. मोटारीचें इंजिन, या दोहोंत ही परंपरा चालूं राहिली. हिंदुस्थानांत हिंदुस्थान मोटर्सनें जी 'हिंदुस्थान टेन' काढली, तीही याच मॉरिसची बहीण होय.

हें झालें मूळ बोल्टाचें. परंतु त्याच्या जागीं कोणीं तरी घातलेला २४ आट्यांचा बोल्ट कोठला? तो अमेरिकन. आणि तो भंडाऱ्यास सांपडावा यांत नवल नाहीं. नागपुराहून रायपुराकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रस्ता भंडाऱ्यावरून जातो. रेल्वेचें स्टेशन मात्र गांवांत नसून कांहीं मैलांवर वरठी येथें आहे. अशा गांवास मोटारीची गरज लवकर भासते. १९२६ मध्यें फोर्डनें हिंदुस्थानांत आपली कंपनी काढली; १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें मुंबईस गाड्यांची जोडणी सुरू केली. त्यानंतर देशांतील रस्त्यांवर शेव्हर्ले आणि फोर्ड यांच्या बसगाड्या व मालगाड्या मोठ्या संख्येनें धांवूं लागल्या. शेव्हर्लेच्या १९२९ च्या सहा नळकांड्यांच्या इंजिनांतही झडपा माथ्यावरच होत्या. आणि त्यांतील बोल्ट घरांतील शेगडीच्या बोल्टांसारखे दिसतात म्हणून अमेरिकनांनीं त्यास थट्टेनें 'शेगडीच्या बोल्टांचें इंजिन' असें नांव ठेविलें होतें. असें इंजिन मोडींत निघालें तरी त्याचे बोल्ट मोडींत निघत नाहींत. ते गॅरेजांतील डब्यांत जाऊन बसतात. १९३९ नंतर युद्धामुळें विलायती सुटे भाग दुर्मिळ झाले, तेव्हां अशा डब्यांनींच कित्येक गाड्यांस जिवंत ठेविलें. कोण्या मिस्त्रीनें मॉरिसच्या झिजलेल्या बोल्टाऐवजीं तसलाच एक बसविला असावा. त्यास मी दोष देत नाहीं. त्याच्यापुढें गाडी उभी होती आणि डब्यांत जवळचा बोल्ट होता.

पण 'जवळचा' हाच सगळा घोटाळा. मूळ बोल्टाची जाडी ८ मिलिमीटर. अमेरिकन अडीच सुतीची ७.९४. डोळ्यांस तर नाहींच, बोटासही हा भेद कळत नाहीं. दोहोंचा कोन ६० अंशच. मूळ आट्यांचें अंतर १ मिलिमीटर. अमेरिकन आट्यांचें १.०५८. पहिल्या वेढ्यास चूक मिलिमीटराच्या सतराव्या भागाइतकी. ती फटींत सामावते. परंतु प्रत्येक वेढ्याबरोबर ती सांचत जाते, आणि आठव्या वेढ्यास जवळजवळ अर्धा मिलिमीटर, म्हणजे अर्धा आटा होते. बोल्टाचा कंगोरा जेथें खांचेंत पडावयाचा, तेथें तो कंगोऱ्यावरच पडतो. मग पान्यास जोर दिला कीं बिडाचे आटे चुरडले जातात. पान्यास मात्र तें घट्ट बसल्यासारखें वाटतें! चार सुती बोल्ट त्या भोंकांत मुळीं शिरलाच नसता आणि भोंक वांचलें असतें. अजिबात न बसणारी वस्तु यंत्राचें नुकसान करीत नाहीं. जवळजवळ बसणारी करते.

येथें भंडारा जिल्ह्याचा या बोल्टाशीं असलेला दुसरा संबंध सांगण्यासारखा आहे. तुमसरच्या बाजूस चिखला, डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादांत थोडें मँगनीज घातल्यावांचून तें तापवून घडवितां येत नाहीं. त्यांतील गंधकाचा दोष मँगनीज आपल्याकडे ओढून घेतें, नाहीं तर लाल पोलाद घणाखालीं तडकतें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मध्यप्रांताचें मँगनीज जहाजांत भरून परदेशच्या पोलाद-कारखान्यांस जाऊं लागलें, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीं या धातूच्या पुरवठ्यांत रशिया व हिंदुस्थान हे जगांत अग्रेसर होते. तेव्हां कॉव्हेंट्रीच्या बोल्टांत अथवा डेट्रॉइटच्या बोल्टांत तुमसरच्या मातीचा कांहीं अंश नसेलच, असें कोणीं म्हणावें? माती येथून गेली, ती कोणाच्या मापाचे आटे घेऊन परत यावी, हें ठरविणें मात्र त्या काळीं आपल्या हातीं नव्हतें.

टर्नरनें पुढें काय केलें, तें सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. चुरडलेल्या भोंकांत ८ मिलिमीटरांचे आटे पुन्हां निघण्याजोगें बीड उरलें नव्हतें. तेव्हां त्यानें प्रथम भोवतालच्या धातूची जाडी पाहिली, कारण माथ्याच्या पोटांतून पाण्याच्या वाटा जातात. मग भोंक मोठें करून त्यांत १० मिलिमीटरांचे आटे पाडले, आणि एक पायरीचा स्टड करावयास घेतला: खालचें अंग १० चें, वरचें ८ चें. खालीं नवा आधार मिळावा आणि वरचा खांब मुळींच बदलावा लागूं नये, ही त्यांतील खुबी.

परंतु त्याचा लेथ इंची. अशा लेथवर मिलिमीटरांचे आटे पाडावयाचे तर दांतेचक्रांत १२७ दात्यांचें एक चक्र हवें. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यास पांचांनीं गुणलें कीं १२७ हा पूर्णांक येतो, आणि ही मूळ संख्या असल्यामुळें तिच्याहून लहान चक्रानें हा भाग नेमका साधत नाहीं. व्हिटवर्थ आणि फ्रान्स यांच्यामधील सारें भांडण मिटविणारें हें एक चक्र! म्हाताऱ्यानें तें एका फडक्यांत गुंडाळून ठेविलेलें होतें. हरिहर येथें १९४१ मध्यें स्थापन झालेल्या किर्लोस्करांच्या कारखान्याचे लेथ लहान गांवांतील कर्मशाळांतून पसरले. पण लेथ असणें निराळें आणि तें चक्र जपून ठेवणें निराळें. मिलिमीटरी आटा पाडतांना कापणीच्या मध्यें लेथचा अर्धनट सोडावयाचा नसतो. सोडला तर हत्यार पुन्हां त्याच खांचेंत येईल याचा भरंवसा नाहीं. म्हणून प्रत्येक फेरीस सारा लेथ उलटा फिरवून मागें आणावा लागतो. एका स्टडास त्याला अर्धा दिवस लागला. पोलादही त्यानें साधें सळईचें घेतलें नाहीं. ताण सोसणारें निवडून घेतलें. सर्व खांबांचे उरलेले बोल्ट काढून तपासले, आणि ज्यांचें अंग ताणून बारीक झालें होतें, ते एकदमच बदलले. कारण जुन्यानव्यांची भेसळ असली कीं ताण सारखा वांटला जात नाहीं. शेवटीं मधल्या खांबापासून कडेकडे, थोडें थोडें करून, मोजणीच्या पान्यानें सारे आवळले, झडपांच्या फटी पातें घालून नव्यानें नेमल्या, आणि इंजिन सुरू केलें. टक्-टक् थांबली.

आज हीं तीन राज्यें बहुतेक एक झालीं आहेत. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडचें मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेंत पॅकार्डच्या कारखान्यांत करण्याची वेळ आली, तेव्हां त्या कारखान्यास इंग्लिश आट्यांचीं हत्यारें स्वतः घडवावीं लागलीं. अशा अनुभवांनीं शहाणे होऊन अमेरिका, इंग्लंड व कॅनडा यांनीं नोव्हेंबर १९४८ मध्यें एक सामायिक आटा मान्य केला. आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ मध्यें निघाली, दशमान मापांचा कायदा १९५६ मध्यें झाला, आणि १९५८ पासून तीं मापें टप्प्याटप्प्यानें चालूं झालीं. भंडाऱ्याजवळ गडेगांव येथें १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. तेथें मोटारींचे गिअरबॉक्स होतात. ज्या जिल्ह्यांतून पूर्वीं मातीच तेवढी बाहेर जात होती, तेथून आतां घडलेले यंत्रभाग बाहेर जातात.

तरीही बाजारांत अजून 'अडीच सुती' मागतात, आणि पडवींतून जुन्या गाड्या उभ्या आहेत. त्यांतील प्रत्येक बोल्ट आपला जन्म कोठें झाला हें अंगावर लिहून आला आहे. तें वाचणारीं फणी जवळ असलेलीं माणसें मात्र थोडीं होत चाललीं आहेत. आणि कर्मशाळा बंद झाली कीं तिच्यांतील १२७ दात्यांचें चक्र भंगाराच्या भावानें जातें.

निघतांना म्हाताऱ्यानें नातवाकडून पत्र्याचा एक तुकडा मागून घेतला, त्यावर पंचानें अक्षरें ठोकलीं, आणि झडपांच्या झांकणाजवळ तारेनें बांधला: "आटे ८ × १ मिलिमीटर. पाना इंग्लिश. जोर करूं नये." पुढें कोणी तरी तें झांकण पुन्हां उघडील, त्या वेळीं यांपैकीं कोणी तेथें नसेल. आमच्या घरांतील जाणती बाई तांब्यावर आणि फिरकीवर जी खूण करीत असे, ती याहून निराळी नव्हती.